रात्री बारा वाजता डोस कोण ठरवतो?

गेल्या महिन्यात नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका सभागृहात टाइप वन मधुमेह असलेल्या मुलांच्या पालकांची बैठक झाली. विषय होता इन्सुलिनचा डोस सुचवणाऱ्या संगणकीय प्रणालींचा. एका ज्येष्ठ डॉक्टरांनी ठामपणे सांगितले की, डोस ठरवणे हे डॉक्टरांचे काम आहे, मोबाईलचे नव्हे. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मग अंबडच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारे एक तरुण अभियंते उभे राहिले. येत्या काही वर्षांत इन्सुलिन सोडणारा पंप आणि साखर मोजणारा सेन्सर मिळून सगळेच सांभाळतील, आईवडिलांना काही बघावेच लागणार नाही, असे ते म्हणाले. त्यांनाही तितक्याच टाळ्या मिळाल्या. दीड तास चर्चा झाली आणि ती 'डॉक्टर की यंत्र' याच प्रश्नाभोवती फिरत राहिली. माझ्या शेजारी सुरगाण्याहून पहाटेच्या एसटीने आलेली एक आई बसली होती. तिच्या मांडीवरच्या वहीत मुलाच्या साखरेचे आकडे होते आणि बहुतेक आकड्यांपुढे तिने स्वतः ठरवून दिलेला डोस लिहिलेला होता. तिला कोणीही काही विचारले नाही.

माझे मत आधीच सांगून टाकतो. 'डॉक्टर की यंत्र' हा प्रश्न मुळातच चुकीचा मांडला गेला आहे, कारण टाइप वनमध्ये रोजचा डोस बहुतेक घरांत डॉक्टरही ठरवत नाहीत आणि यंत्रही ठरवत नाही. तो घरातले माणूस ठरवते: कधी आई, कधी बाप, कधी आजी, आणि शाळेच्या मधल्या सुट्टीत स्वतः ते मूल. या माणसाला हिशेबाची, आठवणीची आणि वेळेवरच्या इशाऱ्याची मदत मिळणे हा त्याचा हक्क आहे, आणि ती मदत संगणक आज देऊ शकतो. मात्र जी प्रणाली आपला हिशेब उघडून दाखवत नाही, जिला आपले अज्ञान कबूल करता येत नाही आणि जिच्या चुकीला कोणी जबाबदार नाही, तिला घरात घेऊ नये. मला या दोन्ही गोष्टी एकाच वेळी म्हणायच्या आहेत आणि त्या बैठकीत त्या एकाच वेळी म्हणायला जागा नव्हती, म्हणून हा लेख.

टाइप वन हा गोड खाल्ल्याने होणारा आजार नाही, हे अजूनही नातेवाइकांना समजावून सांगावे लागते. यात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते; इन्सुलिन बाहेरून टोचल्याखेरीज मूल जगत नाही. ते किती टोचायचे याचा हिशेब कागदावर सोपा दिसतो. माझ्या मुलीचेच उदाहरण घ्या. ती तेरा वर्षांची आहे. सध्या तिला १२ ग्रॅम कर्बोदकांमागे १ युनिट लागते, १ युनिटने तिची साखर साधारण ५० ने उतरते आणि जेवणाआधीचे लक्ष्य १२० आहे. म्हणजे खाण्यातले ग्रॅम भागिले १२. त्यात चालू साखरेतून १२० वजा करून ५० ने भागलेला आकडा मिळवायचा. आणि आधीच्या टोचणीतले जे इन्सुलिन अजून शरीरात काम करत आहे ते वजा करायचे. शाळकरी मुलाला जमेल असे हे गणित आहे. पण ते दिवसातून चार-पाच वेळा, अंगात ताप असताना, परीक्षेच्या दिवशी, लग्नाच्या पंगतीत, झोपेतून उठून, आणि एकदाही मोठी चूक न होता करायचे असते. दिवसाला चारच इंजेक्शने धरली तरी तीन महिन्यांत साडेतीनशेहून अधिक निर्णय होतात. त्या काळात डॉक्टरांची भेट एकदा होते. आमच्या डॉक्टरांविषयी मला नितांत आदर आहे. पण 'डोस डॉक्टरांनीच ठरवावा' या वाक्याला या साडेतीनशे वेळांपुढे काय अर्थ उरतो?

हा भार घरावर कधी आणि का आला, हेही बैठकीत कोणी सांगितले नाही. १९८३ ते १९९३ या काळात अमेरिका आणि कॅनडात टाइप वनच्या १,४४१ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. दिवसातून एक-दोन ठरावीक इंजेक्शने घेणाऱ्यांच्या तुलनेत ज्यांनी वारंवार साखर तपासून डोस बदलले, त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला विकार जडण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. मूत्रपिंडे आणि नसाही पुष्कळ वाचल्या. त्याच चाचणीने हेही दाखवले की, या काटेकोर उपचारात साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट होतात. जगाने पहिला निष्कर्ष उचलला, आणि तो उचलणे योग्यच होते. पण त्या रुग्णांच्या पाठीशी डॉक्टर, परिचारिका आणि आहारतज्ज्ञ यांचे पथक होते, दर महिन्याला भेट होती, मध्ये फोनवरून विचारपूस होती. आपण उपचारपद्धती घेतली आणि पथक तिकडेच राहिले. पथकाचे काम आपण आईच्या पदरात टाकले.

त्या तिप्पट धोक्याचा अर्थ मला दोन वर्षांपूर्वी एका रात्री कळला. सिन्नरला नात्यातले लग्न होते. मुलीने सव्वादहाला जेवताना ७ युनिट घेतले होते. घरी आल्यावर, बारा वाजून दहा मिनिटांनी, मीटरने २६८ दाखवले. गुलाबजामचा अंदाज चुकला असणार असे मी धरले. २६८ वजा १२०, भागिले ५०, म्हणजे जवळजवळ ३. झोपलेल्या मुलीच्या दंडावर मी ३ युनिट दिले, वहीत लिहिले आणि निर्धास्तपणे आडवा झालो. सव्वादहाच्या ७ युनिटांपैकी निम्म्याच्या आसपास इन्सुलिन अजून तिच्या शरीरात काम करत आहे, हे मला शिकवलेले होते, पाठ होते, आणि त्या क्षणी आठवले नाही. पहाटे तीनला तिच्या आईला जाग आली ती हाताला उशी ओली लागली म्हणून. मीटरवर ५२ होते. मुलगी डोळे उघडून आमच्याकडे बघत होती, पण हाक मारली तर उत्तर देत नव्हती. तिला गिळता येत होते, म्हणून ग्लुकोजची पूड पाण्यात कालवून चमच्या-चमच्याने पाजली. पंधरा मिनिटांनी ६६, आणखी पूड, पुन्हा पंधरा मिनिटांनी ९१. तेव्हा तिने 'बाबा, थंडी वाजतेय' एवढेच म्हटले. डोस मोजणारे अगदी साधे साधन, ज्याला बोलस कॅल्क्युलेटर म्हणतात ते, त्या रात्री हातात असते तर त्याने २६८ हा आकडा घेतला असता, सव्वादहाचे ७ युनिट आठवले असते आणि 'आता ०' असे उत्तर दिले असते. त्यात बुद्धिमत्ता वगैरे काही नाही. मी दमलो होतो आणि ते दमले नसते, इतकाच फरक आहे.

आता विरुद्ध बाजूचे जे म्हणणे मला खरोखर वजनदार वाटते, ते आधी मान्य करतो. या साधनांत चुका असतात आणि त्या जिवावर बेतू शकतात. त्या रात्रीनंतर मी घाईने एक फुकट मिळणारे ॲप मोबाईलवर घेतले. दुसऱ्या दिवशी दुपारी ६२ ग्रॅम लिहिताना बोट घसरून ६२० पडले. ॲपने एक शब्द न उच्चारता ५२ युनिट असा डोस दाखवला. दिवसभराचे सगळे इन्सुलिन मिळून जी मुलगी चाळिशी गाठत नाही, तिला एका जेवणाला ५२. मी थांबलो, कारण आकडा डोळ्यांत खुपला. पण माझ्या सासूबाई थांबल्या असत्या का, याची मला खात्री नाही. हा माझ्या एकट्याचा अनुभव नाही. २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी इन्सुलिनचा डोस काढणारी ४६ ॲप तपासली, तेव्हा त्यांतल्या दोन-तृतीयांश ॲपमध्ये चुकीचा डोस सुचवला जाण्याचा धोका आढळला, आणि दहापैकी नऊ ॲप भरलेला आकडा संभवनीय आहे की नाही हे नीट तपासतच नव्हती. त्याहून जुना आणि भीषण दाखला थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राचा आहे. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना त्याने ठरल्यापेक्षा कितीतरी पट अधिक मारा केला आणि त्यांतले काही दगावले. दोष सॉफ्टवेअरमध्ये होता. यंत्राच्या पडद्यावर 'बिघाड ५४' एवढेच उमटे. त्याचा अर्थ चालवणाऱ्याला ठाऊक नसे, म्हणून तो पुन्हा कळ दाबे.

हे सारे खरे असूनही त्यातून 'म्हणून संगणक नको' असे निघत नाही. ॲपची चूक सापडली, कारण तपासता आली. ४६ ॲपना एकच प्रश्न घालून उत्तरे ताडून पाहता येतात. रात्री बारा वाजता झोपमोड झालेल्या ४६ बापांना तसे ताडून पाहिले तर काय दिसेल? माझी ३ युनिटांची चूक कोणत्याही अहवालात नाही. माणसाच्या चुका मोजल्या जात नाहीत म्हणून त्या नाहीत असे धरायचे आणि यंत्राच्या मोजता येतात म्हणून त्याच तेवढ्या भयंकर मानायच्या, ही तुलना न्यायाची नाही. शिवाय ६२० हा आकडा अडवणे ही प्रोग्रॅममधली दोन ओळींची गोष्ट आहे. ती न लिहिणाऱ्याला बाजारात येऊ का दिले, हा खरा प्रश्न आहे आणि तो आपण विचारतच नाही.

दुसरे असे की, साधन रुग्णाच्या हातात देऊ नये हा युक्तिवाद आपण पूर्वीही ऐकलेला आहे. १९६९ मध्ये अमेरिकेतले रिचर्ड बर्नस्टाइन हे अभियंते, जे बाराव्या वर्षापासून टाइप वनचे रुग्ण होते, त्यांनी रक्तातली साखर मोजणाऱ्या नव्या यंत्राची जाहिरात पाहिली. प्रयोगशाळा बंद असताना रुग्णालयात आणलेला बेशुद्ध माणूस मधुमेही आहे की दारू प्यायलेला, हे ओळखायला ते यंत्र होते, आणि कंपनी ते फक्त डॉक्टरांना विकत असे. बर्नस्टाइन यांच्या पत्नी डॉक्टर होत्या, म्हणून त्यांच्या नावावर ते घेता आले. दिवसातून पाच-पाच वेळा साखर मोजून त्यांनी आपले डोस बसवले, त्यावर लेख लिहिले, ते वैद्यकीय नियतकालिकांनी नाकारले. शेवटी पंचेचाळिसाव्या वर्षी ते स्वतःच वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. रुग्ण घरी साखर मोजू लागले तर घाबरतील, गोंधळतील, मनाने डोस बदलतील, असे तेव्हा म्हटले जाई. आज जे डॉक्टर 'मोबाईल नको' म्हणतात, तेच पहिल्या भेटीत ग्लुकोमीटर लिहून देतात. घरात मोजमाप गेले तेव्हा डॉक्टरांचे महत्त्व कमी झाले का? उलट त्यांना पहिल्यांदाच घरातली रात्र दिसू लागली.

तिसरा आक्षेप आपल्याकडचा आहे आणि तो मला सर्वांत अवघड वाटतो: आपले अन्न मोजता येत नाही. परदेशातल्या पाकिटावर ग्रॅम छापलेले असतात. आपल्या भाकरीवर कोण छापणार? मी आमच्या घरी आठवडाभर पीठ तोलून पाहिले. एके दिवशी बाजरीच्या एका भाकरीला ९० ग्रॅम पीठ लागले, दुसऱ्या दिवशी ६५. शंभर ग्रॅम पिठात ६५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके धरली तर या दोन भाकऱ्यांत सोळा ग्रॅमचा फरक पडतो, म्हणजे माझ्या मुलीच्या हिशेबाने सव्वा युनिटाहून जास्त, म्हणजे साखरेत साठ-सत्तरचा. भाकरी थापणारे हात तेच होते. मग प्रोग्रॅम दशांशापर्यंत डोस काढतो त्या दशांशाला काय किंमत? आकड्याची नेमकेपणाची ऐट फसवी असते, हे मला पूर्ण मान्य आहे. मिसळीची तर्री, आजीच्या हातची खीर, फेब्रुवारीत मळ्यात उभ्या-उभ्या खाल्लेली द्राक्षे, यांतले काहीच दशांशात बसत नाही.

पण भाकरीचा हा सोळा ग्रॅमचा फरक प्रोग्रॅमने निर्माण केलेला नाही. अंदाजाने डोस देणाऱ्या आईलाही तो फरक तसाच भोवतो; तिला तो दिसत नाही इतकेच. हिशेब आणि वास्तव यांची फारकत झाली तर काय करायचे, याचा एक उत्तम धडा आपल्याच इतिहासात आहे. शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 'ग्रहलाघव' लिहिले. ज्या-चापाचे, म्हणजे त्रिकोणमितीचे, किचकट गणित टाळून साध्या आकडेमोडीने ग्रहांची स्थिती काढण्याची सोय त्यांनी करून दिली, आणि त्यावरून गावोगावचे जोशी पंचांग वर्तवू लागले. निर्णयाला मदत करणारे साधन ते आणखी काय असते? पुढे साडेतीनशे वर्षांत बारीक-बारीक चुका साचत गेल्या आणि एकोणिसाव्या शतकात पंचांगातला ग्रह एकीकडे आणि दुर्बिणीतला दुसरीकडे दिसू लागला. केरूनाना छत्रे आणि पुढे त्यांचे विद्यार्थी लोकमान्य टिळक यांनी त्यावर गणित सोडून द्या असे सांगितले नाही. गणित आकाशाशी जुळवून घ्या, असे सांगितले. दृक्प्रत्यय, म्हणजे हिशेबाचा डोळ्यांना दिसणाऱ्याशी मेळ, हा शब्द त्या वादात फार वापरला गेला. इन्सुलिनच्या हिशेबाला तोच नियम लागू आहे. '१२ ग्रॅमला १ युनिट' हे प्रमाण कायमचे नसते; मूल वाढते, वयात येते, आजारी पडते आणि प्रमाण सरकते. दोन तासांनंतरचा मीटरचा आकडा हे आपले आकाश आहे. जो प्रोग्रॅम तो आकडा परत मागतो, 'गेल्या दोन आठवड्यांत रात्रीच्या जेवणानंतर साखर सतत वर राहिली आहे, प्रमाण तपासा' असे सुचवतो, तो कामाचा. जो एकदा भरलेले प्रमाण वर्षानुवर्षे गिरवत राहतो, तो जुने पंचांग.

नाशिककरांना तर हे समजायला फार लांब जायची गरज नाही. पावसाळ्यात गंगापूर धरणातून किती क्युसेक्स पाणी सोडले हे आपण आधी ऐकतो आणि मग गोदाघाटावर जाऊन दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आले ते बघतो. क्युसेक्सचा आकडा पाणी यायच्या आधी पोहोचतो, म्हणून टपऱ्या वेळेवर हलतात. मारुती तो आकडा खरा की कमी ते सांगतो. घाटावरचा कोणता दुकानदार म्हणेल की मला आकडा नको, मी पाणी पायाला लागल्यावरच बघीन? आणि कोणता म्हणेल की आकडा आला, आता नदीकडे बघायचीच गरज नाही?

हे दुसरे वाक्य मात्र त्या बैठकीत जवळपास जसेच्या तसे म्हटले गेले, म्हणून उत्साही मंडळींनाही दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. सेन्सरवरून पंपाचा प्रवाह आपोआप बदलणारी पहिली प्रणाली अमेरिकेत २०१६ मध्ये मंजूर झाली, आणि तिला 'संकरित' म्हटले गेले ते याच कारणाने की, जेवणाचे ग्रॅम अजूनही माणसालाच सांगावे लागतात. सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही. त्वचेखालच्या द्रवातली मोजतो, आणि ती रक्ताच्या काही मिनिटे मागे असते. पंपाची बारीक नळी दुमडली तर काही तासांत रक्तात कीटोन, म्हणजे इन्सुलिनअभावी साचणारी घातक आम्ले, वाढू लागतात, कारण पंपावरच्या मुलाच्या अंगात लांब पल्ल्याचे इन्सुलिन नसते. सप्तशृंगी गडाच्या पदयात्रेत दिवसभर चाललेल्या मुलाची साखर रात्री, कधी दुसऱ्या पहाटेपर्यंत उतरत राहते. तो चालून आला आहे हे सांगितल्याशिवाय प्रोग्रॅमला ते कसे कळणार? ही यंत्रे उत्तम आहेत, ज्यांना परवडतात त्यांनी ती जरूर घ्यावीत. पण 'बघावेच लागणार नाही' असे नवख्या आईबापांना सांगणे हा त्यांचा विश्वासघात आहे.

चौथा आक्षेप शिक्षक मंडळी घेतात: यंत्राच्या सवयीने मुलांची स्वतःची समज खुंटते. हे घडू शकते. मी आमच्याच घरी ते घडताना पाहिले. चांगला कॅल्क्युलेटर मिळाल्यावर दोन महिन्यांत मुलगी ताटाकडे बघेनाशी झाली, पडद्याकडे बघू लागली. तेव्हा आम्ही वहीत दोन रकाने केले. डावीकडे तिने आधी आपला अंदाज लिहायचा, मग प्रोग्रॅमला विचारायचे आणि त्याचे उत्तर उजवीकडे लिहायचे. एका युनिटाहून अधिक फरक असेल तर डोस घेण्याआधी दोघांनी बसून कारण शोधायचे. सुरुवातीला आठवड्यात दहा-बारा वेळा बसावे लागे. आता क्वचित लागते, आणि कधीकधी चूक प्रोग्रॅमची निघते, कारण सायकलवर क्लासला जायचे आहे हे तिला माहीत असते आणि त्याला नसते. समज वाढवायलाच संगणक कसा वापरावा याचाही दाखला जुना आहे. १९९६ पासून 'एडा' नावाचा एक मोफत प्रोग्रॅम उपलब्ध आहे. त्यात एका काल्पनिक रुग्णाचे जेवण आणि इन्सुलिन बदलून दिवसभराची साखर कशी चढते-उतरते ते आलेखावर बघता येते. हा केवळ शिकण्यासाठी आहे, कोणाच्या उपचारासाठी नाही, असे तो स्वतःच बजावतो, आणि मला तो प्रामाणिकपणा मोलाचा वाटतो. एका डोसनंतर दोन तासांतच दुसरा दिला तर काय होते हे माझ्या मुलीच्या अंगावर शिकण्याऐवजी मला पडद्यावरच्या रुग्णावर शिकता आले असते, तर सिन्नरच्या लग्नाची रात्र कदाचित वेगळी गेली असती.

आता खर्चाचा मुद्दा, आणि त्याबरोबर पुन्हा त्या सुरगाण्याच्या आईकडे. हे सगळे गंगापूर रोडवाल्यांचे चोचले आहेत, असे बैठकीत मागच्या रांगेतून कोणी तरी म्हणाले. पंप आणि सेन्सरबद्दल ते खरे आहे. चौदा दिवस चालणाऱ्या एका सेन्सरला हजारो रुपये पडतात. शेतमजुराच्या घरी तो शब्दही उच्चारू नये. पण डोसचा हिशेब करायला सेन्सर लागत नाही. मीटरचा आकडा, ताटाचा अंदाज आणि आधीच्या डोसची वेळ एवढे पुरते, आणि साधा मोबाईल त्या घरातही असतो. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार भारतात वीस वर्षांखालील सुमारे २ लाख २९ हजार मुले टाइप वनसह जगत होती, जगात सर्वाधिक. त्यांतल्या किती जणांना मुलांच्या मधुमेहाचे तज्ज्ञ हाकेच्या अंतरावर आहेत? सुरगाण्याहून नाशिक नव्वदेक किलोमीटर आहे. जाऊन-येऊन एक मजुरी बुडते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १० ते २१ वर्षांच्या, पंप वापरणाऱ्या १०८ रुग्णांपैकी निम्म्यांचे डोस नामवंत केंद्रांतल्या तज्ज्ञांनी आणि निम्म्यांचे एका संगणकीय प्रणालीच्या सल्ल्याने सहा महिने बदलले गेले. संगणकाचा सल्ला तज्ज्ञांच्या तुलनेत उणा ठरला नाही. ही चाचणी सुरगाण्यात झालेली नाही, पंपावर झाली आहे, आणि ती जशीच्या तशी इथे लागू करता येणार नाही. पण ज्या ठिकाणी तज्ज्ञ पोहोचतच नाहीत तिथे डॉक्टरांच्या हाताखाली असे साधन काय करू शकेल, याची दिशा त्यातून दिसते.

'ती बाई कुठे हे सगळे करणार' असे म्हणणाऱ्यांना गडचिरोली आठवावी. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथल्या गावांतल्या थोडे शिकलेल्या स्त्रियांना लक्षणे तपासायला, नोंद ठेवायला आणि नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला तर प्रतिजैविकाचे इंजेक्शन द्यायला शिकवले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार तिथले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. त्या स्त्रियांच्या हातात कोणतीही जादू नव्हती. लक्षणांचे पक्के निकष होते, सराव होता आणि पाठीशी उभी राहणारी माणसे होती. सुरगाण्याच्या आईने तर आपली वही आधीच लिहिलेली आहे.

तिच्यासाठी साधन करायचे तर ते तिच्या घरातल्या बाटलीपासून सुरू झाले पाहिजे, आणि इथे परदेशी प्रोग्रॅम साफ तोकडे पडतात. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुधा दर मिलिलिटरला ४० युनिटचे असते आणि त्याची लाल टोपणाची सिरिंज वेगळी; पेनमधले १०० युनिटचे. ४० च्या बाटलीतून १०० च्या सिरिंजने ५ ची खूण भरली तर अंगात २ युनिटच जातात. उलट झाले, १०० चे इन्सुलिन ४० च्या सिरिंजने ५ च्या खुणेपर्यंत भरले, तर साडेबारा जातात. डोस अगदी बरोबर निघाला आणि सिरिंज चुकीची निघाली तर त्या बरोबर डोसचे काय करायचे? मी पाहिलेल्या एकाही ॲपने सिरिंज कोणती, असे विचारलेले नाही. अनेक मुले सकाळ-संध्याकाळ तयार मिश्रणाचे इन्सुलिन घेतात. त्यांना जेवणागणिक डोस काढण्याचे हे सूत्र लागूच होत नाही, आणि तिथे प्रोग्रॅमने 'हे मला सांगता येणार नाही, डॉक्टरांना विचारा' असे स्पष्ट म्हटले पाहिजे. नागलीची भाकरी, भगर, एकादशीची साबुदाण्याची खिचडी त्याला ठाऊक हवी. ६२० लिहिले तर त्याने थांबवले पाहिजे. सूत्र मराठीत पडद्यावर दिसले पाहिजे, म्हणजे आई वहीत ते पडताळून पाहू शकेल. आणि पेठच्या घाटात रेंज गेली तरी ते चालले पाहिजे.

राहिली जबाबदारी. ११ फेब्रुवारी २०२० च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने उपचारासाठी वापरले जाणारे सॉफ्टवेअरही त्या वर्षीच्या १ एप्रिलपासून औषध कायद्याखालच्या वैद्यकीय उपकरणांत आणले. म्हणजे कायद्याची चौकट आहे. तरीही 'वापरणाऱ्याच्या जबाबदारीवर' अशी बारीक ओळ लिहून डोस सांगणारी ॲप कोणालाही दोन मिनिटांत मोबाईलवर घेता येतात. परवाना आहे का, कोणी तपासले, चूक झाली तर कळवायचे कोणाला, हे पालकांनी विचारायला हवे आणि डॉक्टरांनीही. ज्येष्ठ डॉक्टरांना माझी हात जोडून विनंती आहे की, 'मोबाईल नको' म्हणून त्यांनी हा विषय सोडून देऊ नये. त्यांनी नको म्हटल्याने पालक ॲप वापरायचे थांबत नाहीत, फक्त डॉक्टरांना सांगायचे थांबतात. मीही चार महिने सांगितले नव्हते. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आपल्या म्हसरूळला आहे. राज्यभरची वैद्यकीय आणि परिचर्या महाविद्यालये ज्याच्याशी जोडलेली आहेत, त्या विद्यापीठाने मराठी घरातल्या पदार्थांची तोललेली कोष्टके करायला घेतली, बाजारातली ॲप दरवर्षी तपासून निकाल जाहीर केला, तर ते काम दुसऱ्या कोणापेक्षा नाशिकमधून सोपे आहे.

तोवर आपल्याला जमण्यासारखे एक काम आहे. पुढची बैठक दोन महिन्यांनी आहे. प्रत्येकाने आपल्या घरी रोज होते तशी एक भाकरी फडक्यात बांधून आणावी, पीठ किती घेतले होते ते चिठ्ठीवर लिहून. सुरगाणा, पेठ, सिन्नर, मालेगाव, जिथून कोणी येईल तिथली. तराजू मी आणतो.